ओल्या पानांची पिशवी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, मला काय कुणाकडून बक्षीस घ्यायचं नाहीये.

मंगळवार. दुपारचे अडीच. आमच्या प्रयोगशाळेचा तिसरा मजला.

मी तिथे मदतनीस. माझी वहिनी तिथेच संशोधक. घरी मी नणंद म्हणून हुकूम सोडते, इथे ती सोडते. फिट्टंफाट!

खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका झाडाच्या हरितलवकाचा जीनोम, म्हणजे पानातल्या हिरव्या कणांचा डीएनए, ती वाचत होती. तो गोल असतो, बांगडीसारखा. पण तिचा गोल काही केल्या जुळेना. मधला एक तुकडा गायब. वाळलेल्या पानांतून तो मिळतच नव्हता. शुक्रवारपर्यंत काम पूर्ण झालं नाही, तर तीन वर्षं पाण्यात.

ताजी पानं आणायचे होडीवाले काका. प्रत्येक पानावरचं मीठ अंगठ्याने पुसून, मगच पिशवीत भरायचे.

"काका, उद्याच हवीत हं!" वहिनीने फोनवर तगादा लावला होता.

काका गेले. वादळ आलं. होडी सापडली. काकाही सापडले, पण... उशिरा. झाड तर मुळासकट वाहून गेलं.

त्याला नऊ दिवस झाले होते.

त्या मंगळवारी मी थंड खोलीचं कुलूप उघडलं. चावी एकच, तीही माझ्याकडे.

आत टप... टप... पाणी ठिबकत होतं.

फळीवर पिशवी होती. आत पानं... ताजी, ओली. एकावरही मीठ नाही. प्रत्येकावर एकच अंगठा... उमटलेला.

मी ओरडून वहिनीला बोलावलं. "वहिनी, टाकून दे ना गं ही!"

ती रडत होती. "माझ्यामुळेच गेले गं ते," म्हणाली. आणि रडत रडतच तिने पानं खलात वाटायला घेतली.

गुरुवारी गोल जुळला.

माहिती जमा करायच्या फॉर्ममध्ये रकाना होता. पानं कुणी आणली? कधी? वहिनीने काकांचं नाव लिहिलं. तारीख... मंगळवारची.

"खोटं कसं लिहू?" म्हणाली.

कुणी काही विचारलं नाही.

काल मात्र तपासणाऱ्यांचं पत्र आलं. खात्रीसाठी त्याच झाडाची पानं पुन्हा एकदा तपासा म्हणे.

वहिनीने कपाळावर हात मारला. "अरे देवा! म्हणजे आता आणखी पानं ह..."

मी झडप घालून तिचं तोंड दाबलं.

वेळेवर दाबलं की नाही, ठाऊक नाही. आज सकाळपासून थंड खोलीची चावी मी कुणाला दिलेली नाही. आणि... मीही आत गेलेले नाही.