चादरीचं दुसरं टोक

खोटं वाटलं तर खुशाल हसा. मालनकाकूने ही हकीकत मला स्वतः सांगितली, आणि काकूला गोष्टी रचता येत नव्हत्या.

साल १९५०. डिसेंबरातला पहिला मंगळवार. जागा ठाकुर्लीची, पॉवर हाऊसच्या मागची बैठी चाळ. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

काकूचा नवरा मारुती तेव्हा कोरियाच्या लढाईवर होता. आपल्या लष्कराच्या दवाखान्याच्या तुकडीत, जखमींचं स्ट्रेचर उचलायला. बोटीवर चढल्यापासून त्याचं पत्र नव्हतं.

विहिरीपाशी मालन आणि शेजारची सगुणा सोलापुरी चादर पिळत होत्या. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या.

“जोर लाव की गं! भावोजी तिकडे धिप्पाड गोरे उचलतायत, आणि तुला चादर पेलवेना?”

“घरी कधी पाण्याचा हंडा उचलला नाही त्यांनी,” मालन म्हणाली. दोघी हसल्या.

तेवढ्यात सगुणाच्या नवऱ्याने जेवायला हाक मारली.

“आले हं, धर जरा,” म्हणत तिने टोक सोडलं.

चादर खाली पडायला हवी होती.

पडली नाही…

समोरचं टोक हवेत तसंच ताणलेलं.

  दिवसरात्र चालणारी पॉवर हाऊसची घरघर ऐकू येईना.

मग चादर जड झाली. मधोमध झोळ पडला. आत माणूस निजल्यासारखा…

खाली ठिबकणारं पाणी बर्फासारखं गार. बोटं बधिर झाली. झोळातून बारीक कण्हणं आलं.

आणि पलीकडून धाप.

ती धाप तिने ओळखली.

“अहो?”

 एक हिसका बसला. चल, असा.

तिचे पाय जागचे हलले नाहीत. तरी पोटऱ्या चालून चालून भरून आल्या.

आतून सासूबाई, विमलाबाई, ओरडल्या, “अगं ए, चादर पिळतेयस का नवी विणतेयस?”

मालनला एवढंच कळत होतं, की सोडायचं नाही. सोडलं तर तो आतला पडेल.

किती वेळ गेला कोण जाणे. सावल्या लांबल्या.

आणि पडवीत निजलेला मधु उठला. तिचा मुलगा, दोन वर्षांचा. डोळे चोळत तो थेट विहिरीकडे निघाला. कठडा त्या बाजूने ढासळलेला…

“मधु, थांब!”

त्याला खेळ वाटला. तो हसत धावला.

तिने चादर सोडली.

मधुला अगदी काठावर धरलं. पाठीमागे धप्पकन आवाज झाला. तो ओल्या कापडाचा नव्हता. वळून पाहिलं, तर दगडावर नुसती चादर. पॉवर हाऊस पुन्हा घरघरत होतं.

तिच्या बोटांची टोकं काळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, साबणाने झालं असेल.

मारुती तीन वर्षांनी परतला. धडधाकट. पहिल्याच दिवशी जेवताना आईला सांगू लागला. मालन वाढत होती.

“शेजारची दोस्त पलटण माघारी निघाली, आई. माझ्या जोडीचा गोराही गेला. स्ट्रेचर एकट्याने उचलता येत नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी उचललं. वळून बघायला वेळ नव्हता. दिवस मावळत होता. दोन मैल चाललो. ओलांडला की सुटलो असा पूल समोर दिसायला लागला, आणि त्याने टाकून दिलं.”

“आणि जखमी रे?”

“गेला. डोक्यावर पडला.”



“त्या गोऱ्याचा राग नाही येत. त्याला हुकूम होता. पण हा आपणहून आलेला ना? ह्याला मी मेलो तरी माफ करणार नाही.”

मालनने विचारलं, “भात घालू?”

पुढे चाळीस वर्षं संसार झाला. दर डिसेंबरात मारुतीकाका हे बोलायचे, तेच शब्द, आणि काकू ऐकून घ्यायची. काका गेल्यावर मी तिला विचारलं, “एकदा सांगून का नाही टाकलंस?”



“सांगितलं असतं,” काकू म्हणाली, “आणि मग त्यांनी मधुकडे कसं बघितलं असतं?”

मधुला आजही यातलं काही ठाऊक नाही. लिहायला बसले खरी… पण त्याने हे वाचू नये.