न पाहिलेल्या हाताची मूठ

कोऱ्या लाकडावर उघडा तळहात टेकला की एक आवाज होतो. थाप नव्हे, ठोकणंही नव्हे. झोपलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी हलकेच हात ठेवावा, तसा. माझं कामच असं होतं की तो आवाज मी हजारदा ऐकला असेन. त्यातला एक मात्र अजून कानात आहे. भर दुपारी ऐकलेला. त्याला आता एकतीस वर्षं होतील.

बसा असे, उजेडाच्या बाजूला. सांगतो. मला भरभर बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी प्रवेशदारं करायचो. नुसती दारं नव्हेत. माणूस रस्ता सोडून वळतो तिथपासून आतल्या खुर्चीवर टेकतो तिथपर्यंतचं सगळं. घरांची केली, दोन दवाखान्यांची केली, एका वाचनालयाचं केलं. चौथीनंतर शाळा पाहिली नाही, पण एवढं मला कळायचं की परक्या दाराशी येणारा माणूस मनातून थोडा भ्यालेला असतो. वाचनालयाच्या दाराबाहेर मी बाक ठेवला तेव्हा तिथले साहेब हसले. म्हणाले, "मिस्त्री, लोक बाहेरच बसून राहतील की!" म्हटलं, बसू द्या. बसलेला कधीतरी आत येईल. परत गेलेल्याला कुठे शोधायचं?

दाराची मूठ कुठे बसवायची, याची आमची एक रीत होती. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्या माझ्या मामांची. कोरं दार चौकटीत टांगायचं, मूठ न लावता. मग घरातल्या प्रत्येकाने हाताला खडूची पूड लावून बाहेरून चालत यायचं आणि विचार न करता दार ढकलायचं. हात जिथे आपसूक टेकेल तिथे पांढरा ठसा उठतो. ते ठसे पाहून मूठ बसवायची. अशी मूठ हातात आली की माणसाला वाटतं, हे दार आपलीच वाट बघत होतं. मामांची एकच अट होती. ज्याचा हात टेकताना डोळ्यांनी पाहिला नाही, त्याच्या ठशावर मूठ बसवायची नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी समजलो, मापात चूक होऊ नये म्हणून असेल.

ज्यांच्या घराची ही गोष्ट, त्या निवृत्त शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही म्हणू लागलो. घरात त्या आणि त्यांची विधवा नणंद, दोघीच. नणंदेला मी आत्याबाई म्हणायचो, कारण बाईंच्या तोंडी सारखं 'त्याची आत्या, त्याची आत्या' असायचं. त्याची म्हणजे मुलाची.

मुलगा नऊ वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला होता. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा आला होता. समोरच्यांनी पाहिलं त्याला. तासभर पायऱ्यांखाली उभा राहिला आणि परत गेला. आत कुणाला पत्ताच नाही. आणि आता त्याचं पत्र आलं होतं. बाईंनी मला वाचून दाखवलं. दोनच ओळी होत्या. 'महिनाअखेरीला येतो आहे. या वेळीही पाऊल उचललं नाही, तर पुन्हा येणार नाही.'

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "असं दार करून द्या की त्याला तिथून परत फिरताच येणार नाही."

मी जुनं दार पाहिलं. पाच उंच पायऱ्या, अरुंद बोळ, काळं जाड दार. ते उघडलं की चार हातांवर भिंत आणि भिंतीवर वडिलांचा फोटो, येणाऱ्याकडे रोखून बघणारा.

"माझा सख्खा भाऊ हो," आत्याबाई म्हणाल्या, "पण भाजी घेऊन आले तरी वाटायचं, उशीर का झाला म्हणून विचारतोय."

अठरा दिवस काम केलं. उंच पायऱ्या फोडून तीन ठेंगण्या, रुंद पायऱ्या केल्या. बोळ मोकळा केला. सामान टेकवायला दाराबाहेर बाक ठेवला. दाराशेजारी उभी काच बसवली, म्हणजे बाहेरच्याला आतला दिवा दिसावा आणि आतल्याला बाहेरचा चेहरा. समोरची भिंत काढली. तिथे एक खुर्ची ठेवायला सांगितली, कारण दार उघडल्यावर पहिलं दिसावं ते माणूस. फोटो आतल्या खोलीत गेला.

आत्याबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "मिस्त्री, इतकं अगत्य बरं नव्हे. उद्या कुणीही येऊन बसेल."

"तुम्ही नका बोलू, वन्सं," बाई म्हणाल्या. "दारावर येणाऱ्या विक्रेत्यालाही पाणी देता तुम्ही."

"पाणी देते. खुर्ची नाही देत."

तिघेही हसलो.

ठसे घ्यायच्या दिवशी सकाळी बाई बाहेरून आल्या. त्यांचा हात छातीच्या उंचीला टेकला, लहानसा, हलका. आत्याबाई आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. "माझा हात कधी रिकामा असतो का? कोपराचा ठसा घ्या!" शेवटी त्यांचाही ठसा उठला, बाईंच्या जरा खाली.

"आणि त्याचा?" बाईंनी विचारलं.

"तो आला की घेऊ. तोवर मूठ बसवायची राहू द्या."

"म्हणजे तो येईल तेव्हा दाराला मूठच नसेल?"

दुपारी बघतो म्हणालो.

दोघींना मागच्या दाराने ये-जा करायला सांगितलं आणि दारापुढच्या ओट्यावर सिमेंटचा शेवटचा थर दिला. थापीने घोटून गुळगुळीत केला. मग मीही मागून आत आलो. दार लोटून खाली लाकडाची पाचर मारली आणि चहा घेऊन भिंतीला टेकून बसलो. दोघी आत आडव्या झाल्या होत्या. बाहेर लख्ख ऊन. ताज्या भुशाचा आणि तेलाचा वास. घर इतकं शांत होतं की कपातला चहा निवताना ऐकू यावा.

आणि दारावर हात टेकला.

बाहेरून. सगळा तळहात, बोटं पसरून. घरचा माणूस टेकवतो तसा, काही न विचारता. दार किंचित आत आलं आणि पाचर फरशीवर बोटभर सरकली.

मी काचेतून पाहिलं. कुणी नव्हतं. रस्ता तिथे सरळ होता, दोन्हीकडे लांबपर्यंत दिसायचा. रिकामा. पाचर काढून दार उघडलं. वास आला, झाकण लावून ठेवलेल्या टाकीतल्या शिळ्या पाण्याचा. दारावर, बाईंच्या ठशाच्या बराच वर, एक ओला हात उमटला होता. लांब बोटांचा.

मी खाली पाहिलं. ओट्यावरचं ओलं सिमेंट आरशासारखं होतं. माझ्या थापीच्या रेघा होत्या. पाऊल एकही नव्हतं. दारापासून पहिल्या पायरीपर्यंत पाच हातांचं अंतर, आणि त्यावर चिमणीचंही पाऊल नव्हतं.

"काय झालं, मिस्त्री?" बाई मागे येऊन उभ्या होत्या. मी बाजूला झालो.

त्या ठशाकडे बघत राहिल्या. मग फार हळू म्हणाल्या, "डावा हात आहे. तो डावखुरा आहे… तुम्हाला कुठे माहीत होतं!"

"बाई, हे सिमेंट बघा…"

"लाजला असेल. हात लावून पळाला असेल. लहानपणी दोन-दोन पायऱ्या गाळायचा."

"एवढं अंतर, बाई?"

त्यांनी ऐकलं नाही. त्या ठशावर त्यांनी आपला तळहात ठेवला आणि गाल त्या हातावर टेकवला. सत्तरीची बाई, दाराला बिलगून उभी. "इथे बसवा मूठ," म्हणाल्या. "इथेच."

मी नाही म्हणायला हवं होतं. मामांची अट तोंडात आली होती. पण त्यांची हनुवटी थरथरत होती, आणि मला कुणाचं रडणं कधी बघवलं नाही. मी गिरमिट घेतलं. ते लाकूड मी वर्षभर वाळवलेलं होतं. भोक पाडताना त्यातून ओला भुसा आला. बोटभर खोल गेलो तरी ओलाच.

चौथ्या दिवशी दाराला तेलाचा शेवटचा हात द्यायला गेलो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. आत्याबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. हात रिकामे. त्यांचे हात मी पहिल्यांदाच रिकामे पाहिले.

"आला तो," त्या म्हणाल्या.

"आला? अरे वा! कधी?"

"परवा. आम्ही दोघी ताटावर होतो. दार वाजलं नाही, काही नाही. मान वर केली, तर खुर्चीवर बसलेला." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "मिस्त्री… चेहरा त्याचाच आहे. पण गेला त्या दिवशीचा. केस तेच. हनुवटीवर दाढी करताना कापलेलं होतं ना… ते अजून ताजं आहे."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बाईंना सांगितलंत?"

"म्हणते, आईच्या डोळ्यांना मूल वाढलेलं दिसतच नाही… परवापासून तो खुर्चीवरून उठलेला नाही. काही खात नाही. पायाखाली पाणी साठतं, ते वहिनी पुसते. गाणं गुणगुणत पुसते…"

मी काचेतून पाहिलं. मी सांगितलेल्याच जागी खुर्ची होती. तिच्यात तो बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, देखणा. डावा हात गुडघ्यावर. बाई शेजारी स्टुलावर बसून त्याचे ओले केस पंच्याने टिपत होत्या. इतकं सुखी माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्याने मान वळवली. काच बंद होती, तरी आवाज अगदी कानाशी आला.

"दार छान झालंय, मिस्त्री. सरळ आत येता आलं."

मी काचेपासून एक पाऊल मागे सरलो. तेवढ्यात मागे पायरीवर पाऊल वाजलं.

एक माणूस येत होता. पस्तिशीचा, पण कानांवर पांढरं झालेलं. चष्मा, जरा वाकलेले खांदे, हातात प्रवासाची बॅग. तिन्ही पायऱ्या तो हळूहळू चढला, पाय टाकून बघावं तसा. ओट्यावर येऊन थांबला, इकडेतिकडे पाहिलं आणि हसला. भ्यालेला माणूस भीती उतरल्यावर हसतो, तसा.

"हे सगळं… कधी केलं?" त्याने मला विचारलं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात तोंडावर. त्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या, त्याची वाट अडवावी तशा, पण त्याला ते प्रेम वाटलं. "आत्या," म्हणाला, "रडतेस काय? आलो ना मी." त्याने बॅग बाकावर टेकवली, त्यांना हलकेच बाजूला केलं आणि डावा हात दाराकडे नेला. विचार न करता, अगदी आपसूक.

हात मुठीच्या चार बोटं खाली टेकला.

मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं. एकतीस वर्षं तेच बघतो आहे. मूठ त्याच्या हाताची नव्हती. कधीच नव्हती.

तो मूठ शोधायला मान वर करणार, तेवढ्यात त्याचं लक्ष काचेकडे गेलं. आत त्याची आई त्याच्याच गालावरून हात फिरवत होती. चेहऱ्यावरचं रक्त उतरणं म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

बाईंनी मान वर केली. काचेतून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख आली नाही. अनोळखी माणसाकडे बघून आपण हसतो, तेवढंच हसल्या.

"कोण आहे रे?" त्यांनी खुर्चीतल्याला विचारलं.

"कुणी नाही, आई. पाहुणे आहेत."

मग खुर्चीतल्याने गुडघ्यावरचा हात उचलला. त्यातून पाणी निथळलं. घरच्या माणसाने पाहुण्याला बोलवावं तसा तो हात हलवत, फार अगत्याने म्हणाला, "या ना… आत या. दार उघडंच आहे."

दार इंचभर आत गेलं. शिळ्या पाण्याचा वास बाहेर आला.

"साहेब," मी कसंबसं म्हणालो, "थांबा… हाक मारा त्यांना. तुमचा आवाज ऐकला तर… तुमचंच घर आहे हे…"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आत्याबाईंकडे. ओठ हलले, पण हाक आली नाही. बाकावरची बॅग त्याने उचलली. ती एकदम जड झाल्यासारखा एका बाजूला कलला. तिन्ही ठेंगण्या पायऱ्या उतरून सरळ रस्त्याला लागला, आणि पत्रात लिहिलं होतं तसं, पुन्हा न येण्यासाठी निघून गेला.