कुपी उभी ठेवली का?

सतरावी बाष्पकुपीही जळली. चार झुरके नीट लागले. पाचव्याला मैना टेकाम खोकत दुमडली आणि उपचारकक्षात करपलेल्या लसणाचा वास पसरला.

"फोडणी झाली, काका," श्वास सापडल्यावर ती म्हणाली. "आता भाजी टाका."

दामोदर बारबोले हसला नाही. त्याने तिच्या हातातली कुपी काढून घेतली आणि जळलेल्या सोळांच्या पिशवीत टाकली.

'टिटवी' हे यान एका लघुग्रहावरचे दगड घेऊन पृथ्वीकडे परतत होतं. घर अजून एकाहत्तर दिवस लांब होतं. यानावर चौघं होती: कॅप्टन लोपीस, डॉक्टर अस्मा मुजावर, दगडांची अभ्यासक मैना आणि यानाची सगळी डागडुजी बघणारा दामोदर. तीन आठवड्यांपूर्वी मालघराच्या दाराची रबरी कड फाटली आणि काचेसारखी टोकदार दगडी धूळ मैनाच्या फुप्फुसांत गेली. त्या धुळीभोवती चिकट थर धरत होता. तो विरघळवणारं औषध यानावर होतं, पण मधासारखा दाट अर्क होता तो. पोटात घेऊन उपयोग नव्हता. बाष्पकुपीत तापवून त्याची वाफ ओढायची, दिवसातून तीनदा.

एक कुपी आठवडाभर पुरायला हवी होती. ती दिवसभरही टिकत नव्हती, आणि करपलेल्या अर्काची वाफ धुळीपेक्षा वाईट. चाळीसपैकी तेवीस कुप्या उरल्या होत्या. मैनाच्या रक्तातला प्राणवायू त्र्याण्णव टक्क्यांवरून चौऱ्याऐंशीवर आला होता.

"पंचाहत्तरच्या खाली गेला तर माझ्या हातात काही राहणार नाही," डॉ. मुजावर दामोदरला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या.

दामोदरला हे आकडे नवे नव्हते. तीन वर्षांपूर्वी बार्शीच्या घरात तो असेच आकडे बघत बसायचा. इंदूचीही फुप्फुसंच गेली. त्या आठ महिन्यांत त्याने प्राणवायूच्या यंत्राचा पंप दोनदा दुरुस्त केला, पलंगाचा खिळखिळा पाय बसवला, खिडकीची कडीसुद्धा बदलली. सगळं नीट झालं. इंदू झाली नाही.

पृथ्वीवरून कुपीतज्ज्ञ गद्रे यांचा निरोप आला. निरोप यायला अकरा मिनिटं लागत, उत्तर जायला अकरा. गद्रे प्रत्येक वेळी तीच प्रश्नावली वाचून दाखवत. विजेची टोकं पुसली का? वीजदाब कमीत कमी ठेवला का? अर्क हातात धरून कोमट केला का? तोंडाकडची वाट तुंबलेली नाही ना? आणि पाचवा प्रश्न: वापरण्यापूर्वी कुपी तासभर उभी ठेवली का?

दामोदरने सतरा वेळा पाचव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं होतं. अठराव्यांदा त्याने पेन टेकवलं आणि थांबला.

भिंतीवर कुप्या अडकवायची चौकट होती. तिच्याशेजारी भिंतीवरच लाल बाण रंगवलेला होता आणि बाणाच्या टोकाशी लिहिलं होतं: 'वर'. कुपी बाणाप्रमाणे अडकवली की ती उभी, असं चौघंही धरून चालली होती. दामोदर स्वतः त्या चौकटीशेजारी आडवा तरंगत होता. डॉ. मुजावर त्याच्या मानाने उलट्या होत्या, आणि त्यांची वेणी तिसरीकडेच चालली होती.

"डॉक्टरबाई, वर कुठं आहे?"

"कुणाच्या वर?"

"नुसतं वर."

डॉ. मुजावरांनी हात उचलला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली केला. म्हणजे कुठेतरी केला.

दामोदरने जळकी कुपी दिव्यापुढे धरली. बुडाशी चार बारीक भोकं होती. त्यातून अर्क आतल्या सच्छिद्र नळीत झिरपतो आणि नळीभोवतीची तार त्याची वाफ करते. त्या भोकांवर हवेचा एक टपोरा बुडबुडा चिकटून बसला होता. दामोदरने कुपी उलटी केली. बुडबुडा हलला नाही.

"पण ही अवकाशासाठी तपासलेली कुपी आहे," डॉ. मुजावर म्हणाल्या. "नळी अर्क शोषते ती केशाकर्षणाने. दिव्याची वात तेल चढवते ना, तसं. त्याला वजन लागत नाही."

"अर्क शोषायला नाही लागत. पण गेलेल्या अर्काच्या जागी हवा येते, तिचं काय? तिचा बुडबुडा होतो. घरी तो वर निघून जातो. इथं जन्मला तिथंच बसतो, भोकाच्या तोंडावर. नळी कोरडी, तार तापलेली. करपणारच."

"मग चाचणीत कसं कळलं नाही?"

"चाचणी घेतली कशी?"

त्यांनी कागद शोधले. विमान उंचावरून खाली सोडून वीस सेकंद वजन नाहीसं केलं होतं. तेवढ्यात एक झुरका झाला होता आणि तो उत्तम लागला होता.

"बुडबुडा मोठा व्हायला चार झुरके लागतात," दामोदर म्हणाला. "त्यांच्या हातून चूक झाली. सतरा वेळा 'होय' लिहिलं, ती माझी."

तो आपल्या खणाकडे गेला आणि एक लांब मोजा घेऊन आला. नवी कुपी मोज्याच्या टोकाशी घातली, बूड बाहेरच्या बाजूला. पाय आधाराच्या पट्ट्यांत अडकवले, दुसऱ्या हाताने दांडी धरली आणि मोजा डोक्याभोवती फिरवू लागला.

"काऊन जी, पाखरं हाकलता का?" मैना म्हणाली.

"गोफण आहे ही. आमच्याकडं ज्वारीच्या राखणीला असायची." मोजा आता घुमत होता. "माझ्या बायकोचा नेम कधी चुकला नाही. लग्नाआधी पहिलं ढेकूळ तिनं मलाच मारलं होतं. म्हणायची, पाखरू समजले."

"आणि तुम्ही?"

"मी समजलो नाही, म्हणून तिनं दुसरं मारलं."

मैना हसली, खोकली, पुन्हा हसली.

गोफण फिरली की जड वस्तू बाहेर ढकलली जाते, हलकी आत राहते. पाच मिनिटांनी दामोदरने कुपी काढली. अर्क बुडाशी गच्च बसला होता आणि बुडबुडा तोंडाकडे सरकला होता. मैनाने झुरका घेतला. दुसरा, चौथा. मोजा पुन्हा फिरला, मग पाचवा, आठवा. वाफ दाट, पांढरी आली. करपट वास नाही. कॅप्टन लोपीस नियंत्रणकक्षातून तरंगत आले आणि दारातच टाळ्या वाजवू लागले.

दर वेळी मोजा फिरवायचा आणि मग वाफ घ्यायची, असं सात दिवस चाललं. एकही कुपी जळली नाही. प्राणवायू सत्त्याऐंशीवर गेला. आठव्या दिवशी तो ब्याऐंशी झाला.

डॉ. मुजावरांनी छातीचं चित्र पडद्यावर लावलं. "औषध काम करतंय. थर विरघळतोय. पण विरघळून झालेला चिखल जाणार कुठे? तो आहे तिथेच पसरून बसलाय, श्वासनळ्यांच्या तोंडावर."

दामोदर पडद्याकडे बघत राहिला. इंदूच्या पाठीला उशा लावून, डोकं उतरतं करून तिला पालथं झोपवायला दवाखान्यातल्या एका बाईंनी त्याला शिकवलं होतं. हाताची ओंजळ करायची आणि पाठीवर थापायचं. पोकळ आवाज आला पाहिजे. कफ आपल्या वजनाने घशाकडे उतरतो. रोज दोनदा तो थापायचा. त्याने इंदू वाचली नाही, पण थापल्यावर तिला चार घटका शांत झोप लागायची.

"डॉक्टरबाई, हिला डोकं खाली करून झोपवायला हवं."

"काका, खाली कुठे आहे?" त्या हताश होऊन म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थबकल्या.

"तेच ते," दामोदर म्हणाला. "कुपीत बुडबुडा, हिच्यात चिखल. आता मैनाच कुपी झालीय."

"मग मला मोज्यात घालणार का?" मैनाचा आवाज घोगरा होता. "माझ्या मापाचा आहे?"

"आहे की. यान."

त्याने कॅप्टनपुढे कागदावर आकृती काढली. यानाच्या शेपटाशी दगड ओढून घ्यायची चारशे मीटरची पोलादी दोरी होती. दगडांनी भरलेलं मालघर त्याच शेपटाशी जोडलेलं होतं. ते सोडवून दोरीच्या टोकाला बांधायचं, लांब न्यायचं आणि यान व मालघर एकमेकांभोवती फिरवायची. दोन्हींचं वजन जवळपास सारखं. पन्नास सेकंदांत एक फेरा झाला तर घरच्या वजनाचा तिसरा हिस्सा मिळेल.

लोपीसनी आकृतीतल्या दोरीवर बोट ठेवलं. "बारबोले, दोरी तुटली तर मालघर एकीकडे, आपण दुसरीकडे. आपण इंजिनावर परत मार्गावर येऊ. मालघर कायमचं गेलं. तीन वर्षांची मेहनत आहे त्यात."

"मेहनत माझी आहे," मैना म्हणाली. "दगड माझे. घाला गोफणीत."

"आणि दहाव्या दिवशी मार्गदुरुस्ती आहे. फिरत्या यानात ती करता येत नाही."

"मग नऊ दिवस द्या, कॅप्टन," डॉ. मुजावर म्हणाल्या.

लोपीसनी कागद घडी करून खिशात ठेवला. "नऊ दिले. आधी सामान बांधा. अकरा महिन्यांत आपण सगळे वस्तू हवेत सोडून द्यायला शिकलोय, ठेवायला विसरलोय."

दामोदरने दोरी हातभर हातभर तपासली. दोन दिवस गेले. मैना एकोणऐंशीवर आली होती. मग लोपीसनी छोटी इंजिनं हळूहळू फुंकली. दोरी ताणली, यान करकरलं आणि बाहेरचे तारे सरकू लागले.

सगळ्यांत आधी एक चमचा पडला. खण्णकन. चौघंही त्या आवाजाकडे वळून बघत राहिली. अकरा महिन्यांत काही पडलंच नव्हतं.

मग त्यांचे पाय टेकले, आणि लोपीस मोठ्याने हसायला लागले. पाय दिव्यांवर टेकले होते. दोरी शेपटाला होती, म्हणून नाकाकडची बाजू खाली झाली होती. सगळं यान छतावर उभं होतं. कपाटांवरची अक्षरं उलटी, खुर्च्या डोक्यावर लटकलेल्या.

दामोदरने दिव्यांच्या मधल्या जागेत गादी टाकली, कपाटाची फळी काढून तिला उतार दिला आणि मैनाला पालथं झोपवलं. हाताची ओंजळ केली. क्षणभर तो थांबला. मग त्याने थापायला सुरुवात केली, बरगड्यांच्या टोकापासून खांद्यांकडे, डाव्या बाजूने आधी. हाताला सगळं आठवत होतं. पोकळ आवाज येऊ लागला.

विसाव्या मिनिटाला मैना खोकली. भांड्यात राखाडी, चमकता चिखल पडला. मग आणखी. डॉ. मुजावर एका हाताने तिचं कपाळ धरून दुसऱ्या हाताने आकडे वाचत होत्या. "ब्याऐंशी. पंच्याऐंशी. काका, थांबू नका. अठ्ठ्याऐंशी!"

सातव्या दिवशी ती पंच्याण्णववर होती आणि आपण काढलेल्या चिखलाचा नमुना बाटलीत भरून त्यावर क्रमांक घालत होती.

तेवढ्यात गद्र्यांचा निरोप आला. कुपीचं ऐकून ते खूश झाले होते, पण प्रश्नावली नियमाप्रमाणे भरायलाच हवी होती. दामोदर पाचव्या प्रश्नाशी आला आणि त्याने भिंतीकडे पाहिलं. लाल बाण सरळ त्याच्या पायांकडे रोखलेला होता. चौकटीतली कुपी डोक्यावर उभी होती आणि बुडबुडा पुन्हा भोकांवर येऊन बसला होता.

त्याने पाना आणला, चौकट सोडवली आणि उलटी करून बसवली.

"काका, बाण अजून खालीच दाखवतोय," मैना म्हणाली.

"दाखवू दे. त्याला कधीच माहीत नव्हतं."

कुपीतला बुडबुडा सुटला आणि दाट अर्कातून सावकाश वर चढू लागला. मैना, डॉक्टर, कॅप्टन, तिघंही येऊन उभी राहिली. बुडबुडा तोंडाशी पोचला, तेव्हा दामोदरने पाचव्या प्रश्नापुढे 'होय' लिहिलं आणि त्याखाली एक रेघ ओढली.