परीक्षकांच्या स्वागताला

जरा सरकून बसा, धूर सगळा माझ्या डोळ्यांत येतोय. ब्रेडन, तो ब्रश टर्पेंटाइनमध्ये टाक. वाळून दगड झाला तर उद्या ग्लेनिसबाई तुझीच कानउघाडणी करतील. कचऱ्याचे डबे मात्र छान रंगवलेत तुम्ही पोरांनी. परीक्षक खूश होतील.

स्वच्छ गाव स्पर्धा म्हटलं की मला क्लेम आठवतो. क्लेम ट्रेगेन्झा, माझ्या बायकोचा चुलतभाऊ. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. गावात काहीही असो, क्लेम पुढे. फुटबॉलचं मैदान आखायला क्लेम, आगीच्या बंबावर क्लेम, मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर सॉसेज भाजायला क्लेम. कुणी काम सांगितलं आणि तो नाही म्हणाला, असं कधी झालं नाही. आता सांगतो ते त्यानंच मला सांगितलंय. शेवटचं तेवढं माझं आहे.

दोन हजार सतरा सालचा ऑगस्ट, आपला ऐन हिवाळा. कडाक्याची थंडी. सकाळी मैदानावर बर्फासारखं दव पडायचं. परीक्षक शनिवारी यायचे होते आणि गुरुवारी हॉलमध्ये समिती बसली. फुलांचे वाफे झाले, स्वागताची कमान झाली, आणि मग नॉबीचा विषय निघाला.

नॉबी म्हणजे गव्हाच्या कोठारापलीकडे, गावात शिरतानाच्या वळणावर चाकांवरची एक मोडकी कॅराव्हॅन होती, तिच्यात राहणारा म्हातारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. अंगाला वास यायचा हे खरं. पबच्या मागच्या दाराशी जे मिळेल ते खायचा आणि दिसेल त्याला 'सुप्रभात' म्हणायचा. संध्याकाळीसुद्धा.

"गावात शिरल्या शिरल्या पहिलं काय दिसतं?" ग्लेनिसबाई म्हणाल्या. समिती तेव्हाही त्याच चालवायच्या. "आपले गुलाब नाहीत. नॉबीची वाळत घातलेली चड्डी दिसते."

सगळे हसले.

"कुंडीत लावू त्याला," डेल बेकरीवाला म्हणाला. "पाण्याऐवजी बिअर घालायची. फुलेल."

पुन्हा हशा. मग ग्लेनिसबाई क्लेमकडे वळल्या. "तुझं ऐकतो तो. दोन-तीन दिवस कुठेतरी नेऊन ठेव. आणि हे बघ, मधेच चालत परत येणार नाही एवढं पाहा."

क्लेम म्हणाला, "बघतो."

शुक्रवारी दुपारी तो पिकअप घेऊन गेला. नॉबी पायरीवर बसून आरशाच्या तुकड्यात बघत दाढी करत होता.

"बरं झालं आलास क्लेम! उद्यासाठी शर्ट धुतलाय मी. बघ, पांढरा आहे. मी पण उभा राहतो तुमच्याबरोबर, कमानीपाशी. मागे राहीन. नुसतं सुप्रभात म्हणेन."

क्लेमला काय बोलावं सुचेना. आणि मग सुचलं. मला सांगताना तो म्हणाला, "अर्नी, ते इतकं सहज सुचलं ना, की मलाच माझं कौतुक वाटलं."

तो नॉबीला म्हणाला, "कमानीपाशी बरेच जण आहेत रे. तुला महत्त्वाचं काम आहे. माझ्या रानात ती मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्यांची खोली आहे ना? परीक्षक तीही बघणार आहेत. जुनी वास्तू म्हणून. तिथं स्वागताला कुणीतरी हवं."

"मी?"

"तूच."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले म्हणे. कॅराव्हॅनमधून झाडू आणि शर्ट घेऊन तो पिकअपच्या मागच्या उघड्या भागात चढून बसला. पुढे बसायचं नाही हे त्याला ठाऊक होतं. वास येतो म्हणून.

ती खोली गावापासून लांब, रानाच्या पार टोकाला. पत्र्याची. एकच खिडकी, तीही पत्रा ठोकून बंद केलेली. आत शेकोटीची जागा, लाकडं बाहेर भिंतीला रचलेली. क्लेमनं ब्रेड, खाण्याचे दोन बंद डबे आणि पाण्याचा कॅन आत ठेवला. अंधार पडत आला होता आणि कुंड्या मांडायच्या राहिल्या होत्या.

"रविवारी न्यायला येतो," क्लेम म्हणाला.

"आणि ते कधी येणार?"

"उद्या. दिवसभरात कधीही. तू हलू नकोस."

"नाही हलणार."

क्लेमनं दार ओढून घेतलं. ग्लेनिसबाईंचं बोलणं त्याच्या डोक्यात होतं... मधेच चालत परत येणार नाही एवढं पाहा. त्यानं बाहेरून कडी घातली.

लाकडं बाहेरच राहिली.

शनिवारी परीक्षक आले, चहा प्यायले, गुलाबांचे फोटो काढून गेले. नॉबीची कॅराव्हॅन ट्रॅक्टरनं ओढून शेडमध्ये दडवली होती. रात्री पबमध्ये जल्लोष झाला. रविवारी क्लेमचं डोकं ठणकत होतं, आणि दुपारी सामन्यात त्याला पंच म्हणून उभं राहायचं होतं. उद्या जाऊ, म्हणाला. सोमवारी मेंढ्यांचं औषध आलं. संध्याकाळी समितीचं जेवण होतं. तिथून ग्लेनिसबाईंनीच त्याला हाकललं. "अरे, तुझा पाहुणा आण आता! कॅराव्हॅन पण परत लावायचीय."

सोमवार, चौदा ऑगस्ट. रात्रीचे साडेसात. चांदणं नव्हतं.

मातीचा रस्ता. दोन्हीकडे गहू, वीतभर उगवलेला. क्लेम अर्ध्या वाटेवर आला आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडाच्या टोकाला काहीतरी पांढरं दिसलं. त्याला वाटलं मेंढी असेल.

मेंढी नव्हती.

पांढरा शर्ट होता. रस्त्याच्या मधोमध. गावाकडे चालत येणारा.

क्लेमनं ब्रेक दाबला. खरं सांगू का, त्याला हायसं वाटलं. त्यानं काच खाली केली आणि ओरडला, "नॉबी! बाहेर कसा आलास रे तू?"

शर्ट तसाच उजेडात उभा.

"चल, बस. गारठशील. जेवण आहे हॉलमध्ये."

म्हातारा दिव्यांसमोरून बाजूला झाला. गाडी मागच्या बाजूनं किंचित दबली. तो चढला होता. क्लेमनं गाडी वळवली.

वाटेत क्लेम बोलत राहिला. मागची छोटी काच उघडी होती. सामना कसा झाला, परीक्षक काय म्हणाले... त्यानं आरशात पाहिलं. नॉबी पाठमोरा बसला होता. ताठ. गाडी खड्ड्यात आदळत होती.

तो हलत नव्हता.

क्लेमनं मग आरशात पाहिलं नाही.

हॉलमध्ये वीस-बावीस माणसं होती. भाजलेलं मेंढीचं मांस, बटाटे, भोपळा, पुदिन्याची आंबट चटणी. क्लेमच्या मागोमाग नॉबी आत आला, तेव्हा टाळ्या पडल्या. हो, टाळ्या.

"या, या, प्रमुख पाहुणे!"

"शर्ट बघा! लग्नाला निघालाय!"

ग्लेनिसबाईंनी स्वतः ताट वाढलं. "बस हो. टोकाला बस. कसं होतं तिकडे?"

नॉबी बसला. ताटाकडे बघत राहिला. मग हातानंच खायला लागला. भराभर. बटाटा अख्खाच तोंडात. चटणी हनुवटीवर. पोरं हसायला लागली, मग मोठेही. डेल म्हणाला, "अरे काट्या-चमच्याची ओळख करून द्या कुणीतरी!" तेवढ्यात शेजारी बसलेल्या बाईचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

"ई... हात बघा त्याचे."

बोटांची टोकं काळी होती. नखं उलटी झालेली. काही बोटांना नखंच नव्हती.

हसू थोडं कमी झालं.

"आधी हात धुऊन ये, नॉबी," ग्लेनिसबाई म्हणाल्या. "लोक जेवतायत."

तो उठला. मुकाट्यानं. बाथरूमकडे निघाला. क्लेमच्या खुर्चीपाशी थांबला. वाकला. क्लेम म्हणतो, वास आला नाही. कसलाच नाही. फक्त गारवा आला, कुणी शीतपेटीचं दार उघडावं तसा.

"ते आले नाहीत, क्लेम."

एवढंच. मग बाथरूमचं दार लागलं. नळ सुटल्याचा आवाज आला.

आता माझं ऐका.

मी तेव्हा पलीकडच्या गावच्या ॲम्ब्युलन्सवर स्वयंसेवक होतो. त्या संध्याकाळी दिवस मावळताना फोन आला. ट्रेवर क्वास्ट नावाचा शेतकरी चुकलेल्या मेंढ्या शोधत क्लेमच्या रानात शिरला होता. मी आणि माझ्याबरोबर ॲम्ब्युलन्सवर असलेली वेंडी पलीकडच्या रस्त्यानं गेलो, म्हणून क्लेम आम्हाला भेटला नाही. ट्रेवर खोलीबाहेर बसला होता. म्हणाला, "कडी बाहेरून होती. मी काढली."

आत टॉर्च मारला. पोरांनो, ती खोली... झाडून लख्ख. कोपऱ्यातसुद्धा कोळ्याचं जाळं नाही. दोन डबे फळीवर ओळीत लावलेले. उघडलेलेच नव्हते. पाहुण्यांसाठी ठेवले असणार. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, लाकूड खरवडलेलं. आणि दाराशी तो बसलेला. पांढरा शर्ट. गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

लाकडासारखा कडक झालेला. शनिवारी रात्रीच गेला असावा. वेंडी बाहेर जाऊन रडली.

पोलीस मोठ्या गावाहून येईपर्यंत मी त्याच्यापाशी बसलो होतो. एकटा. मग पोलीस म्हणाला, तू हॉलवर जाऊन कळव, ते सगळे तिथंच असतील.

मी हॉलमध्ये शिरलो तेव्हा आवाज नव्हता. सगळे आपापल्या ताटाकडे बघत होते. मी टोपी काढली.

"नॉबी गेला," मी म्हणालो. "क्लेमच्या खोलीत. शनिवारीच गेलाय."

कुणी हललं नाही.

मग डेल हसला. कसंतरीच. "काय बोलतोस अर्नी? हात धुतोय तो."

नळ वाहत होता. मलाही ऐकू येत होता.

क्लेम उठला नाही. ग्लेनिसबाई उठल्या नाहीत. शेवटी मीच गेलो. हाक मारली. दार ढकललं. उघडंच होतं.

आत कुणी नव्हतं. खिडकी हातभर, तिला जाळी. नळ सोडलेला. मी बंद केला.

काय विचारतोयस? पोलिसांनी धरलं का क्लेमला? नाही. क्लेम म्हणाला, वाऱ्यानं कडी पडली असेल. समितीतल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं, त्या दाराची कडी ढिलीच आहे, आपोआप पडते. त्यातल्या एकानंही ते दार पाहिलेलं नव्हतं. लाकडं आत नव्हती त्याचं काय? तर म्हणे म्हातारा आळशी होता. त्या रात्रीच्या ताटाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. आजही काढत नाही. ग्लेनिसबाईंना विचारून बघा... नको, विचारू नका.

नॉबीला गावाच्या खर्चानं पुरलं. त्या दिवशी अंतिम सामना होता, त्यामुळे खड्ड्यापाशी पाद्री, मी आणि वेंडी. क्लेम पंच होता. स्पर्धेत आपल्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी क्लेमनं रान विकलं आणि किनाऱ्याकडे गेला. जाताना समितीनं त्याला मेजवानी दिली, भाषणं केली. तो काहीच खात नव्हता. माझ्या शेजारी बसून त्यानं मला हे सगळं हळू आवाजात सांगितलं.

मी त्याला माझं सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो.

त्या खोलीत मी नॉबीपाशी एकटा बसलो होतो, तेव्हा त्याच्या अंगावर चादर घालायची म्हणून मी टॉर्च जवळ नेला. आठ वाजून गेले असतील. चेहरा पांढराफटक, पापण्यांवर दव गोठलेलं. पण हनुवटी ओली होती. मघाशी आलो तेव्हा कोरडी होती. हिरवट काहीतरी ओघळलं होतं. मी वाकलो.

पुदिन्याचा वास येत होता.

मी अंगठ्यानं पुसलं...

कोमट होतं.