शाई जाते का?

केसरीनाथ चुकूनच त्या दारातून आत आला. ओला तागा खांद्यावर, केसांतून पावसाचं पाणी निथळतंय — आणि समोर पांढऱ्या कोटातली एक मुलगी, परीक्षानळी उजेडात धरून उभी.

"मॅनेजर पलीकडे बसतात," सुचेता म्हणाली.

"त्यांनीच हाकललं. म्हणाले, गंजाचा डाग काही जात नाही." तो दारातच थांबला. "तुम्ही पण हाकलताय का?"

धामणकर नाक्यामागे कापड धुऊन, रंगवून देणारा तो कारखाना. सुचेता तिथे केमिस्ट होती. सन एक्याण्णवचा श्रावण होता. टेमघरला केसरीनाथच्या वडिलांचे, बाळारामशेटचे, कापड विणायचे आठ लूम होते. छप्पर गळलं, तागा ओल्या लोखंडी सळईवर रात्रभर पडून राहिला, आणि पांढऱ्या कापडावर तांबूस पट्टा उमटला.

तिने हाकललं नाही. बाटलीतली पांढरी पूड कोमट पाण्यात विरघळवली आणि बोळ्याने डागावर लावली. तांबूस रंग पिवळा झाला, पिवळा फिका झाला… मग तिथे काहीच उरलं नाही. केसरीनाथ डागाकडे बघायचं सोडून तिच्या बोटांकडे बघत होता, हे तिच्या लक्षात आलं होतं.

"ऑक्झॅलिक ॲसिड," ती म्हणाली. "यातलं ऑक्झलेट गंजातलं लोखंड धरतं आणि पाण्याबरोबर घेऊन जातं. नंतर कापड नीट धुवा. विषारी असतं."

"एवढं गोड बोलून विष देता होय?"

ती हसू दाबायला गेली, आणि ते जमलं नाही.

त्यानंतर टेमघरच्या त्या लूमवर डाग फारच पडू लागले. कधी बोटाएवढा, कधी टिकलीएवढा. एकदा तो तागा विसरून नुसताच आला, तेव्हा दोघंही लाजले. मग तो पूर्ण्याहून, आत्याच्या परसातून, अळूची जुडी आणू लागला. अळूने घसा खाजतो तोही एका ऑक्झलेटमुळेच, असं तिने सांगितलं, तर तो म्हणाला, "आत्याला ते नाव ठाऊक न्हाय. पण चिंच घातल्याबिगर ती अळू शिजवत न्हाय." त्याची आई लहानपणीच गेली होती. बाळारामशेटची विधवा बहीण सीताबाई, हिनेच त्याला वाढवलं. आत्याचं नाव निघालं की त्याचा आवाज मऊ व्हायचा. सुचेता प्रेमात पडली ती बहुधा त्या आवाजाच्या.

हिवाळ्यात त्याने विचारलं. नाक्यावर रिक्षांची ही गर्दी, त्यात तो म्हणाला, "तू आमच्या घरात येशील का?… म्हणजे, कायमची?" तिने त्याच्या शर्टाच्या बाहीला लागलेलं सूत तेवढं काढलं. त्याला ते पुरलं.

तिच्या वडिलांना मात्र पुरेना. दत्तोपंत शाळेत संस्कृत शिकवत. घरीदारी सगळे त्यांना तात्या म्हणत. आगऱ्यांच्या घरात मुलगी द्यायची या विचारानेच त्यांनी तीन महिने अबोला धरला. चौथ्या महिन्यात सुचेता जेवेनाशी झाली, तेव्हा त्यांनी ताटावर बसूनच सांगितलं, "बोलाव त्याला." अक्षयतृतीयेला साखरपुडा ठरला.

त्याच सुमाराला केसरीनाथने सहज विचारलं होतं, शाई जाते का त्या पुडीने? शर्टावर सांडलीय. निळी-काळी शाई असेल तर जाते, तिच्यातही लोखंड असतं, असं म्हणत तिनेच पुडी बांधून दिली होती.

साखरपुड्याला आठ दिवस राहिले असताना सीताबाई प्रयोगशाळेत आली. होणाऱ्या सुनेला भेटायला आली असेल, असं सुचेताला वाटलं. पण तिने कनवटीचा कागद काढून टेबलावर ठेवला. पूर्ण्याची जमीन गोदामवाल्यांना हवी होती. खाडीकडचं शेत सीताबाईचं, असं तिच्या बापाने वाटणीपत्रात लिहून ठेवलं होतं. आता भाऊ म्हणत होता, कागदात तुझं नावच नाही.

"मना वाचता येत न्हाय, पोरी. पन बापानं वाचून दाखवलं व्हतं. तू शिकलेली हाय, तू बघ."

सुचेताने कागद खिडकीशी धरला. दोन ओळींमध्ये एक रिकामी जागा होती, जराशी खरबरीत. तिला आपणच बांधून दिलेली पुडी आठवली. कागद परत द्यावा, काही दिसत नाही म्हणावं… मिनिटभर तिला तसंच वाटत राहिलं. मग तिने म्हातारीला विचारून दुसऱ्या एका रसायनाचा थेंब त्या जागी सोडला. कागदात मुरलेलं उरलंसुरलं लोखंड निळं होऊ लागलं. अक्षरं तुटक होती, पण वाचता येत होती. खाडीकडील शेत सीताबाई हिचे.

संध्याकाळी तिने केसरीनाथला बोलावलं. तो खोटं बोलला नाही. गोदामवाल्यांना सगळी जमीन सलग हवी आहे, बा ऐकेना, आत्याला मी जन्मभर सांभाळणारच आहे, असं सांगत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू गप्प राहा, सुचे. एवढंच कर."

"तिला मघाशीच वाचून दाखवलंय," सुचेता म्हणाली. "कोणी पुसलं, तेही सांगितलंय."

सीताबाई तक्रार घेऊन कचेरीत गेली नाही. तिने पोराला समोर बसवून एवढंच विचारलं, "मागलं असतंस, तर दिलं नसतं का मी?" आणि चारच दिवसांत अंगठा उठवून शेत त्याच्या नावावर करून दिलं.

नवा कागद घेऊन तो सुचेताकडे आला. डोळे सुजलेले होते. आत्याने माफ केलं, आता तू तरी कर, म्हणाला.

"माफ केलं रे," ती म्हणाली. "पण तू पुढे केलेला प्रत्येक कागद मी उजेडात धरून बघेन. असा संसार तुला नको, मलाही नको."

त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. तिने त्याच्या हाताला एकदाच हात लावला, आणि तो गेला.

घरी तात्यांनी विचारलं, काय बिनसलं? खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, ती माणसं तसलीच, मी सांगत नव्हतो? केसरीनाथच्या माणसांत सीताबाईही होती. ते वाक्य सुचेताला ऐकायचं नव्हतं.

"काही नाही, तात्या. माझंच मन बदललं."

तात्या भडकले. इतका भला मुलगा, तुझ्यासाठी वर्षभर उंबरे झिजवले त्याने, आणि तू त्याला असं झुलवलंस, म्हणून कितीतरी वेळ तिला बोलत राहिले. सुचेता मान खाली घालून ऐकत राहिली.