थंडीत जरा खोकतात

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट करणं हे माझं काम, आणि कारण दाखवल्याशिवाय मी आजवर एकही पार्ट रिजेक्ट केलेला नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

निगडीला प्राधिकरणात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये दत्तोबा आणि इंदुताई राहतात. दत्तोबा राहत होते, असं म्हणायला हवं. मूळचे तुळजापूरकडचे. दत्तोबाही चाकणलाच, दुसऱ्या कंपनीत. आम्हा दोघांच्याही कंपन्यांच्या बस भक्ती-शक्ती चौकातून सुटायच्या. माणूस साठीला टेकलेला, पण चौकापर्यंत असा सुटायचा की मला मागून पळावं लागे.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, एका रविवारी दुपारी एक गृहस्थ आमच्या दारात आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चपला, हातात काहीच नाही. "शेजारच्या दत्तोबांबद्दल थोडी चौकशी होती," म्हणाले. अरुंधतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. दत्तोबांच्या मुलीसाठी, करिष्मासाठी, तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. मुलाकडचे लोक शेजारीपाजारी चौकशी करतातच. तिनं आलं घालून चहा टाकला आणि त्या घराचे गोडवे गायला सुरुवात केली.

गृहस्थांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "वडिलांना काही जुनं दुखणं? दम वगैरे?"

सगळंच चांगलं सांगितलं की लोकांना संशय येतो. म्हणून अरुंधती म्हणाली, "छे हो. थंडीत जरा खोकतात, एवढंच."

"कधीपासून?"

"असेल की, दोन-तीन वर्षं."

त्यांनी चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली आणि गेले. स्थळ काही आलं नाही. आम्हीही विसरलो.

मार्चमध्ये दत्तोबा रिटायर झाले. कंपनीचा विमा संपला, म्हणून त्यांनी स्वतःची पॉलिसी काढली. पावसाळा सरता सरता त्यांना जिना चढवेना. फुप्फुसं निकामी होत चालली होती. हॉस्पिटलनं विमा कंपनीला कळवलं, आणि तिकडून नकार आला. आजार जुना आहे, लपवलेला आहे. थंडीत खोकतात, दोन-तीन वर्षं, असं शेजाऱ्यांनीच सांगितलंय.

"हे माझेच शब्द," अरुंधती म्हणाली.

मी रजा टाकून इंदुताईंबरोबर विमा कंपनीच्या पिंपरीतल्या ऑफिसात गेलो. माझं डोकं फिरलं होतं. "तो माणूस आमच्याकडे आला तेव्हा ही पॉलिसीच नव्हती!" मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो.

"सर, आमचा माणूस क्लेम आल्यावरच जातो."

"मग या क्लेमला कोण गेलं होतं?"

तिनं स्क्रीनवर दोनदा शोधलं. "कुणीच नाही," म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण जबाब आलाय, सर."

दत्तोबांना घरी आणलं. भाड्याच्या ऑक्सिजन मशीनची घरघर भिंतीतून आमच्या बेडरूममध्ये ऐकू यायची. अरुंधती उशी कानावर घेऊन झोपायची. डिसेंबरात एका सकाळी घरघर थांबली, आणि आम्ही दोघंही पलंगावर उठून बसलो.

इंदुताईंनी कधी बोल लावला नाही. "तुमच्या मनात काय होतं ते मला ठाव हाय, वहिनी," एवढंच म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परवा फर्स्ट शिफ्ट करून चारला घरी आलो, तर इंदुताई त्यांच्या दारात उभ्या.

"भाऊ, एक माणूस आलता. पांढऱ्या शर्टाचा. वहिनींची चौकशी करत हुता."

"काय सांगितलंत तुम्ही?"

"म्या कशाला सांगू? म्हनलं, बाई धडधाकट हाय. पुढं तोंडच उघडलं न्हाई. पर त्यो सारखं एकच इचारत हुता."

"काय?"

"डोकं कधीपासून दुखतं."

त्यांच्या खांद्यावरून आत टीपॉय दिसत होता. त्यावर एक कप, आणि कपावर पालथी बशी.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. अरुंधतीचं डोकं कधी दुखलेलं मला आठवत नाही. घरात बामची बाटलीसुद्धा नाही.

मी किल्लीनं दार उघडलं.

बेडरूमचे पडदे ओढलेले होते. ती आडवी झाली होती. कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली.

मी जवळ बसलो. डॉक्टरला फोन करायला हवा होता. पण तोंडून आधी तेच निघालं.

"कधीपासून?"

तिनं डोळे न उघडता थोडा विचार केला.

"असेल की," ती म्हणाली, "दोन-तीन वर्षं."