स्प्रूसवर भाजलेलं भरीत

माझं आणि हेमराजचं लग्न ठरलं. आबांनी नारळ दिला, आत्यानं डोळे पुसले, मांडवाला केळीचे खांब कुणाच्या मळ्यातून आणायचे यावर भांडणही झालं.

आता हे विसरा. यातलं अजून काहीही झालेलं नाही. मी भाविका. रावेरजवळच्या एका केळीच्या पॅकहाऊसमध्ये परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत मेल लिहिते, आणि माझं कुणावरही प्रेम नाही.

त्या दिवशी भुसावळच्या वखारीतून पॅलेटचा टेम्पो आला. केळीची खोकी ज्या लाकडी चौकटींवर रचून कंटेनरमध्ये चढवतात, त्या पॅलेट. टेम्पोतून एक मुलगा उतरला. केसांत भुसा, शर्टावर भुसा, पापण्यांवरही थोडा. एका फळीवर बोट ठेवून मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही इंग्रजीत एम.ए. ना? हे काय लिहिलंय?"

"स्प्रूस."

"ते मलाही वाचता आलं. म्हणजे काय?"

एम.ए.ला हे नव्हतं. "कंपनीचं नाव आहे," मी ठामपणे सांगितलं.

"बरं," तो म्हणाला आणि हसला... असा हसला, की मला घरी जाऊन शब्दकोश उघडावा लागला.

पुढच्या खेपेला मीच टेम्पोजवळ गेले. पॅलेट मोजायला. "ते झाड आहे," मी म्हटलं. "थंड मुलखातलं. पानांच्या जागी सुया असतात."

"आणि ती कंपनी?"

"बंद पडली."

"अरेरे," हेमराज म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"अजून एक अर्थ आहे..." मी त्याच्या केसांकडे पाहिलं. "टापटीप. नीटनेटका. तो तुम्हाला लागू नाही."

त्याच्या पुढच्या खेपेला तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात पॅलेट उतरवत होता. आमचे हमाल नथ्थूभाऊ काम थांबवून बघत राहिले. "काय रे, पोरगी पाहाले चालला का?"

"नही भाऊ," हेमराज म्हणाला. तो मूळचा धुळ्याकडचा. "पॅलेट उतारी रायनू."

मग मला विचारलं, "झाडाचा आणि टापटिपीचा संबंध काय?"

"पूर्वी प्रशिया नावाचा देश होता. जुन्या इंग्रजीत त्याला प्रूस म्हणत, आणि स्प्रूसही. तिथून जे येईल ते स्प्रूस — फळ्या, पेट्या, कातडी जाकिटं. ती जाकिटं घालून लोक ऐटीत फिरायचे, म्हणून नटलेला माणूसही स्प्रूस. असा अंदाज आहे."

"म्हणजे जिथून आला ते नाव. मग धुळ्याहून आला त्याला काय म्हणायचं?"

"पाहुणा," मी म्हणून गेले... आणि जीभ चावली. आमच्याकडे जावयालाही पाहुणाच म्हणतात.

हेमराजनं शर्टाची बाही नीट केली. "तुमच्या आबांना कधी भेटू?"

"मी हो म्हटलेलं नाही."

"मीही काही विचारलेलं नाही."

आबा, म्हणजे माझे वडील, मुलाचा पगार विचारत नाहीत. ते त्याला मळ्यात बोलावून भरीत करायला लावतात. माणसाचा धीर वांगं भाजताना कळतो, असं त्यांचं मत. आधी जितेंद्र नावाचा एक इंजिनियर आला होता. घाईत त्याचं वांगं फुटलं. तो आता नाशकात सुखी आहे.

हेमराजची पाळी आली त्याच्या आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला. भरताची वांगी भाजायची ती काट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या काड्यांवर. त्या सगळ्या भिजल्या. सगळे भाऊबंद ताटं घेऊन बसलेले, आणि काट्यांतून नुसता धूर. हेमराजनं इकडेतिकडे पाहिलं, टेम्पोकडे गेला आणि पॅलेटचे कोरडे तुकडे घेऊन आला. झकास पेटले. वांगी इतक्या निगुतीनं भाजली, की आबा मान डोलावू लागले. मग ती बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालून त्यानं ठेचली, मिरची, लसूण, कांद्याची पात, फोडणी... सगळं बरोबर.

आबांनी पहिला घास घेतला. तो सावकाश चावला.

"पोरा," शेवटी म्हणाले, "भरताले पालिश केलं का रे?"

राळ. स्प्रूसच्या लाकडात राळ असते. अख्ख्या भरताला नव्या कपाटाचा वास येत होता. शेवंता आत्यानं ताट हळूच बाजूला सारलं. तिचं पाहून रांगेतल्या सगळ्यांनी सारलं.

"चूक माझी," हेमराज म्हणाला. पावसाचं नाव घेतलं नाही. एकटाच खाली मान घालून आपल्या ताटातलं भरीत खात राहिला. पांढऱ्या शर्टावर काजळी होती, केसांत पुन्हा भुसा.

मला नाशकातला इंजिनियर आठवला. हा धुळ्यात सुखी होईल... आणि मी रावेरात मेल लिहीत राहीन.

"आत्या," मी म्हटलं, "मला अजून वाढ."

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आत्यानं वाढलं. मी खाल्लं. कपाट खाल्ल्यासारखंच लागलं. हेमराजनं वर पाहिलं, आणि मी पुन्हा ताट पुढे केलं.

आबा माझ्याकडे बघत राहिले. "हिचं काई खरं नाई," आत्याला म्हणाले. मग मला, "कोनतं लाकूड हाये हे?"

मी सांगितलं. झाड, जाकिटं, प्रशिया. आणि तो देश आता नकाशावर नाही, हेही.

"म्हंजे देश गेला अन् वास राह्यला." आबा पाणी प्यायले. "देतो नारळ. पन वास लाकडाचा होता, पोराचा नाई, हे त्या देशाच्या मानसानं मले येऊन सांगावं. तोवर भरताजवळ याले फिरकू देनार नाई."

सबब,

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
प्रशिया देश (पूर्वीचा).

विषय : वासाबाबत.

महोदय, आपल्या देशाचे नाव लागलेल्या लाकडामुळे उद्भवलेली परिस्थिती वर नमूद केली आहे. तरी आपला एक जबाबदार प्रतिनिधी आमच्या लग्नास रावेर मुक्कामी पाठवून, सदर वास लाकडाचा असून मुलाचा नाही, असे आबांना समक्ष कळविण्यात यावे, ही नम्र विनंती. प्रतिनिधीच्या जेवणाची सोय करण्यात आली आहे. भरीत काट्यांवरचे असेल.